पीराच्या घरातून कस्तुरबाईंना निरोप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, जुन्नर पेठेतले मानकरी श्रीयुत नथमल शेठ, प्रमुख पावणे मामलेदारसाहेब, शाळेचे हेडमास्तर, पेठेचे पंच, बाईंना न्यायला मारवाडातनं एवढ्या लांब आलेले त्यांचे भाचे जवरीलालजी, राजुरी, येडगाव, पिंपरी पेंढार आन तिकडं घोडेगाव-मंचरपासनं पायी आलेली समदी मंडळी, पडद्यामागं बसलेल्या कस्तुरबाई, त्यांच्याजवळ बसलेल्या समद्या बाया, आन मागं खिडकीच्या गजाला लटकलेल्या बापूंनो, तुमीबी. खाली उतरा आधी. गज कालच बसवलेत.

मी राजुरीचा भिमाजी. बाईंचे मालक, म्हंजे अध्यक्षांचे धाकटे भाऊ धरमचंद शेठ, हयात व्हते तवापासनं मी बाजरीच्या गाड्या घिऊन त्यांच्या दुकानावर येतो. माझी शाळा दुसऱ्या बुकावर थांबली. म्हणून मास्तरांनी मला भाषण लिहून दिलंय. चांगलं लिहिलंय. घरी सुनेनं वाचून दाखवलं, तवा मलाबी कळलं की मी लई हुशार हाय. पण पयल्याच वळीत ‘सद्गदित’ असा एक शबुद हाय. तितं माझी गाडी रुतली ती रुतलीच. तवा ते कागद मास्तरांना परत करतो आन माझं मी बोलतो. थोडक्यात बोलतो. हार सगळ्यांना घालून झालेत. ज्यांना न्हाई घातले त्यांनी घरी गेल्यावर घालून घ्यावे.

माझ्या आधी तिघं बोलले. एकानं बाईंना लक्षुमी म्हणलं. एकानं धरणीमाता म्हणलं. मास्तर तर गंगा म्हणाले. आता मास्तर, मला एक सांगा, गंगेला कुणी निरोप देतंय का? सतरंजी हातरून, पेढे वाटून, ‘जा बाई आता, लई वाहिलीस’ असं कुणी म्हणतंय का? हसू नका. मला खरंच कळत न्हाई. सकाळपासनं माझ्या जिवाला चैन न्हाई ती ह्याच्यानं.

ही सतरंजी हातरायची म्हणून ह्या घरातल्या बायांची बोचकी सकाळी गोठ्यात नेऊन टाकलीत. मी येताना बघितली. कुणाची गोधडी, कुणाचं तांब्या-ताट, एकीचा पाळणा. पावण्यांना बसायला जागा पायजे, मान्य. पण मी ती बोचकी नेणाऱ्या गड्याला इचारलं, ‘सांजच्याला परत आत आणणार नव्हं?’ तर तो म्हणतो, ‘ते पंचांना इचारा.’

म्हणून इचारतो. ज्यांना ठाव न्हाई त्यांच्यासाठी सांगतो, काय ठरलंय ते. उद्या कस्तुरबाई भाच्यासंगं मारवाडात जाणार. घर पंचांकडं येणार. पंच घर मोडणार न्हाईत, आपलं चालवणारच, बेघर बायांसाठीच चालवणार. त्यांचं कौतुक हाय. फकस्त शिस्त पायजे म्हणून एक नेम केलाय. हितं राहायचं असंल तर बाईनं आपल्या घरचा पुरुष संगं आणायचा आन त्यानं पंचांपुढं हवाला द्यायचा. ज्या आत हायेत त्यांनीबी आणायचा.

कळलं का? जिला घर न्हाई, तिनं घरचा पुरुष आणायचा.

आवो, घरचा पुरुष असता तर ती हितं कशाला आली असती? आन कैकजणींना तर त्या घरच्या पुरुषानंच भाईर काढलंय. मंग काय त्याच्याच दारात जाऊन म्हणायचं का, ‘दादा, तू मला हाकलली, आता मला नीट हाकलली अशी खातरी द्यायला जुन्नरला चल’?

पंच माझ्याकडं बघत्यात. बघा. मी तुमाला वाईट म्हणत न्हाई. तुमी हे घर उभं राहताना बघितलं न्हाई, मी बघितलंय. ते सांगतो आन बसतो.

मोठ्या दुष्काळानंतर पिलेग आला. गावंच्या गावं उठून माळावर गेली, झोपड्या टाकून राहिली. गाठ आली की माणूस गेलं. मी गाडी घिऊन पेठेला निघालेलो. येडगावच्या शिवारात, रस्त्याच्या कडंला, बाभळीखाली एक म्हातारी बसलेली. ह्या आपल्या कुशाबाई. हितं पुढंच बसल्यात बघा, त्यांना ऐकू कमी येतं म्हणून पुढं बसवल्यात. तिचे दोनी ल्योक गाठ येऊन माळावरच गेले. गाव परत घराकडं फिरलं, तर पुतण्यानं हिच्या घरात आपली बैलं बांधलेली. ‘काकू, बैलांना जागा न्हाई, तू कुठं बी राहशील,’ म्हणाला. मी म्हणलं, बस गाडीत. कुठं न्यायचं ते मलाबी ठाव न्हवतं. दुकानापतोर तर नेली.

धरमचंद शेठनी पायलीभर बाजरी दिली. देणारा माणूस, खोटं का बोलू. पण म्हातारी ती बाजरी पदरात घिऊन तितंच उभी. दळायची कुठं? शिजवायची कुठं? तेवढ्यात आतनं, जात्याच्या खोलीतनं, कस्तुरबाई आल्या. तवा त्यांना आपली भाषा धड येत न्हवती. त्यांनी म्हातारीचा हात धरला आन म्हणाल्या, ‘आओ बाई, ओ थारो ई पीहर है.’

पीहर म्हंजे त्यांच्याकडं माहेर. ये, हे तुझंच माहेर, असं म्हणाल्या त्या. पण कुशाबाईला कसलं पीहर आन कसलं काय. तिनं ऐकलं, पीर!

दुसऱ्या दिशी म्हातारी उठली, मागच्या अंगणातला एक कोपरा झाडला, सारवला, तितला एक जुना दगड धुतला आन ऊद लावला. कस्तुरबाईंना वाटलं, हितल्या बायांची रीत असंल. बाईंनी ऊद संपल्यावर आणखी आणून दिला! आन कुशाबाई बाजाराच्या दिशी जी भेटंल तिला सांगायला लागली, पेठेत पीराचं घर हाय, जागता पीर हाय, जाईल त्या बाईला ठाव मिळतो.

झालं. बाया यायला लागल्या. कुणी मलिदा घिऊन, कुणी नुसतीच रडत. जैन माणसाच्या घरात पीर! अध्यक्ष तवा कसे तापले व्हते ते मला आठवतंय. शेठ, रागावू नका, सांगू द्या. ‘आमच्या सात पिढ्यांत न्हाई तो पीर ह्या घरात घुसला कसा?’ म्हणून दुकानात येऊन वरडले. धरमचंद शेठ हसून हसून लवंडले, म्हणाले, ‘दादा, आला हाय तर राहू द्या, भाडं तर मागत न्हाई.’

आन त्या पीरानं काम काय केलं, ते ह्या साळुबाईला इचारा. साळुबाई पिंपरी पेंढारची. आता हितला सगळा सैपाक तिच्या हातावर हाय. नवरा पिलेगात गेल्यावर दीर सोपान ह्यानं जमीन घेतली, घर घेतलं आन हिला दार लावून घेतलं. ही हितं आली. मंग गावात लोक त्याच्या नावानं थुंकायला लागले तसा तो तिला न्यायला आला. न्यायला म्हंजे, झिंज्या धरून न्यायला. मी ओट्यावर पोती मोजून घेत व्हतो. दारात आला, आन तिथल्या एका पोराला इचारलं, ‘हे कुणाचं घर रे?’ ते म्हणलं, ‘पीराचं.’ त्यानं पायताण काढलं. अनवाणी उंबऱ्यापतोर आला, हात जोडले, आन मंग तसाच उभा. आता पीराच्या दारातनं बाई वढून कशी न्यायची? साळुबाई आतनं म्हणाली, ‘या की भावजी, मलिदा खावा.’ मलिदा खाऊन गेला बिचारा! पायताणबी हितंच इसरला.

(टाळ्या नंतर वाजवा. माझं लक्ष जातं.)

तर सांगायचं असं, की हे घर नेमानं उभं राहिलं न्हाई. चुकीच्या ऐकण्यानं उभं राहिलं. पण चाललं ते बाईंच्या रीतीनं. आपली रीत काय? बाई दिसली की आपण पयलं इचारतो, ‘कुणाची गं तू?’ पाटील तेच इचारतो, कचेरीत तेच इचारत्यात, पाणवठ्यावर तेच. जिला ‘अमक्याची’ म्हणता येत न्हाई ती तितंच खाली बसते. कस्तुरबाईंनी हा सवाल ह्या दारात कधी केला न्हाई. त्या इचारायच्या, ‘काय येतं तुला?’ बाया म्हणायच्या, काय बी येत न्हाई. ‘डाळ निवडता येती?’ येती. ‘गोधडी टाचता येती?’ येती की. ‘मंग काय येत न्हाई म्हणतीस?’ ह्या हिशेबानं पेठेतली निम्मी डाळ हितनं निवडून जाती. मामलेदारसाहेब, तुमच्या बंगल्यातली गोधडीबी हितलीच हाय. सरकारनं हिवाळ्यात कुणाच्या हातची ऊब घेतली ते सरकारला ठाव न्हाई!

कुणी बाळंत व्हायची असली तर बाळंत हितं. कुणी भावाकडं परत जाते म्हणाली तर भावाला आधी बोलवून, त्याला जेवायला घालून, त्याचं तोंड बघून मंगच धाडायची. एकदा एका भावाला जेवून उठल्यावर बाईंनी परत धाडलं, बहिणीला न्हाई दिली. मी म्हणलं, का वो? म्हणाल्या, ‘त्यानं ताटातलं उरलेलं बहिणीपुढं सारलं. जेवलीस का, असं पुसलंबी न्हाई.’ अशी नजर.

आता मला एक गंमत सांगायची हाय आन मंग माझा सवाल हाय.

शेठच्या जातीत एक चाल हाय. धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरापुढं, म्हंजे जेठापुढं, तोंड उघडत न्हाई. पदर खाली, आन शबुद न्हाई. मानाची चाल हाय, मी तिला नावं ठेवत न्हाई. आमच्यातबी थोरल्यांपुढं बाया हळू बोलत्यात, पर ह्यांच्यात अजिबात न्हाई. मी एवढी वर्सं येतो, अध्यक्ष बसलेले असताना कस्तुरबाईंचा आवाज मी ऐकला न्हाई. एकदा सोडून.

शेठ दुकानात आले व्हते, खांबाला टेकून बसलेले. धरमचंद शेठ गेल्यावरचं पयलंच साल व्हतं. बाई आतल्या दारात. बाईंना दिसलं, खांबाच्या बुडाशी, शेठच्या पाठीमागं, साप! आता काय करती? जेठाला तर बोलायचं न्हाई. मंग बाई खांबाला म्हणाल्या, ‘खांबोबा, वो खांबोबा, तुमच्या बुडाशी साप बसलाय, तुमाला जो टेकलाय त्याला जरा उठायला सांगा!’ शेठ असे उडाले की पगडी गुळाच्या ढेपीवर! साप वळचणीत गेला, चाल राहिली आन शेठबी राहिले. बरोबर हाय ना शेठ? हसले. बरं झालं.

आता सवाल.

परवा मी आलो तवा ह्या घराची कौलं चाळणं चाललं व्हतं. मी गड्याला इचारलं, कुणी लावलं? म्हणे कस्तुरबाईंनी, पावसाळा तोंडावर आला म्हणून. गोठ्याच्या भिंतीवर गवऱ्या थापलेल्या, नव्या, ओल्या. मी साळुबाईला इचारलं, कुणी सांगितलं थापायला? म्हणे बाईंनी, आषाढात जळण कमी पडतं म्हणून. आन बाईंचं स्वतःचं गाठोडं? ते बाईंनी बांधलेलं न्हाई. भाच्यानं बांधलंय. ह्या जवरीलालजींनी. बिचाऱ्यानं मनापासनं बांधलंय.

तवा मला सांगा मंडळी. उद्या गाव सोडणारी बाई आषाढातल्या जळणाची काळजी करती का?

शेठ, बाईंना जायाचंय का?

‘भिमाजी, भाषण करा. कोरट भरवू नका,’ असं अध्यक्ष म्हणत्यात. मागच्यांना ऐकू गेलं नसंल म्हणून सांगतो. शेठ, कोरटात मी दोनदा गेलोय, दोनी बारीला मला बोलूच दिलं न्हाई. हितं बोलायला उभं केलंय तर बोलतो. बाईंना जायाचंय का, हे कुणी इचारलं?

काय म्हणता? ‘मी सवता इचारलं.’ बरं. अध्यक्ष म्हणत्यात, त्यांनी सवता इचारलं. समोर बसून, चांगल्या शबुदात, की वयनी, तुमचं वय झालं, दगदग झाली, आता भाच्याकडं जाऊन सामायिक, म्हंजे आपलं जैनांचं ध्यान, आन पूजापाठ करावा असं आमच्या मनात हाय, तुमची काय विच्छा? आन एकदा न्हाई, फिरून फिरून इचारलं. मंग काय म्हणाल्या त्या, शेठ?

‘काय बोलल्या न्हाईत.’

आन तुमी काय समजलात?

‘न बोलणं म्हंजे कबूल.’

शेठ. आवो शेठ. तुमीच समोर बसून इचारलंत ना?

आता हॉलात ही कुजबुज कशाला? ज्याला कळलं त्यानं शेजाऱ्याला नंतर सांगावं. सापाच्या येळंला तितं खांब तरी व्हता. ह्या येळंला बाईंनी कुणाला सांगायचं? तुमच्यापुढं ‘व्हय’ म्हणता येत न्हाई तसं ‘न्हाई’बी म्हणता येत न्हाई. शंभर येळा इचारलं असतं तरी त्या तशाच बसल्या असत्या. मी म्हणत न्हाई की त्यांना राहायचंच हाय. कदाचित जायाचंबी असंल. मारवाडातली माती, आपली बोली, कुणाला नको वाटंल? मला ठाव न्हाई. तुमालाबी ठाव न्हाई. हितं एवढी माणसं जमली, मामलेदारसाहेब घोड्यावरनं आले, पेढे आले, आन ज्या बाईला निरोप द्यायचा तिला जायाचंय का न्हाई हे ह्या हॉलात एकालाबी ठाव न्हाई. आन त्याच्यावर ह्या पडद्यामागच्या समद्या बायांचं राहणं लटकलंय. बाई राहिल्या तर घर बाईंचं. बाई गेल्या तर घर नेमाचं.

शेठ, बसा. का उठलात? रागानं नका जाऊ. मी म्हातारा माणूस, माझी जीभ...

थांबा. ऐका, अध्यक्ष काय म्हणत्यात. गप बसा रे मागं!

‘भिमाजी, मी भाईर ओट्यावर जाऊन बसतो. एवढ्या लांब बसतो की मला आतलं ऐकू येणार न्हाई. माझ्या माघारी तुमी वयनींना इचारा.’

असं म्हणले आन गेले बघा. पगडी सावरत गेले. मंडळी, वाट द्या त्यांना. मी आजवर लई समारंभ बघितले. अध्यक्ष झोपलेले बघितले, अध्यक्ष जेवायला आधी गेलेले बघितले. पण दुसऱ्याला बोलता यावं म्हणून खुर्ची सोडून उन्हात जाऊन बसलेला अध्यक्ष आज बघितला.

जवरीलालजी, तुमी का उठता? बसा. भाच्यापुढं आत्या बोलती.

कस्तुरबाई, मी भिमाजी. तुमचे जेठ भाईर हायेत. आता ज्याच्यापुढं तुमी बोलू नये असं हितं कुणी न्हाई, समदे तुमच्या घरचं खाल्लेले लोक हायेत. तुमाला जायाचंय का?

...

ऐकलं का? मागं ऐकू आलं? मी सांगतो. बाईंचा आवाज बारीक हाय, सवय न्हाई. त्या म्हणत्यात, ‘न्हाई. माझा भाऊ होता तवर तिकडं पीहर होतं. आता तिकडं भाच्याची बायको हाय, चांगली हाय, पण तिच्या चुलीपाशी मी पाहुणी. मी पाहुणी म्हणून मरणार न्हाई.’

जवरीलालजी, रडू नका राव. तुमच्यावर राग न्हाई. तुमी न्यायला आलात ह्याचं बाईंना बरंच वाटलंय, ते ऐका, पडद्यामागनं त्या ‘व्हय’ म्हणत्यात.

आणखी काय? बाई आणखी काय म्हणत्यात? जरा मोठ्यानं, बाई. हां.

बाई पंचांना म्हणत्यात. पंच, कान द्या. ‘तुमचा नेम मोडू नका. नेम राहू द्या. घरचा पुरुष पायजे ना? मंग ह्या घरात जी येईल तिच्या नावापुढं घरचा पुरुष म्हणून जेठजींचं नाव लावा. माझ्या घरचे पुरुष तेच हायेत. ह्या समद्या माझ्या घरच्या हायेत.’

...

हा आवाज कुठला? कोण बोललं? भाईरनं आला. खिडकीवाले, काय म्हणाले शेठ?

‘लावा म्हणावं!’

शेठ! तुमाला ऐकू येत न्हवतं ना?

बरं. पंच, तुमी काय म्हणता? मान हलवली. मामलेदारसाहेबांनीबी हलवली, त्यांना काय कळलं ते त्यांना ठाव. तर ठरलं.

आता माझ्यापुढं अडचण हाय. निरोपाचं भाषण करायला उभा राहिलो आन निरोपच उरला न्हाई. मास्तरांचं लिहिलेलं वाचलं असतं तर असं झालं नसतं. पेढे उरलेत ते वाटून टाका, कारण कुठलं बी असो, पेढा गोडच लागतो. बोचकी आत आणा आधी, मंग सतरंजी गुंडाळा.

आभार मानायचे राहिलेत. मामलेदारसाहेब उन्हातनं आले, त्यांचे आभार. पंचांनी मला मधी थांबवलं न्हाई, त्यांचे आभार. जवरीलालजींनी एवढा परवास केला, आता चार दिवस राहून जुन्नरची हवा खाऊन जावा, त्यांचे आभार. अध्यक्ष भाईर बसलेत, त्यांचे आभार मी मोठ्यानं मानतो म्हंजे त्यांना न ऐकता ऐकू जाईल. कुणाचं नाव राहिलं असंल तर त्यानं समजून घ्यावं, राहिलेल्याला ह्या घरात जागा असतेच. बोलता बोलता तोंडातनं जे वाकडं गेलं असंल ते अडाणी माणसाचं म्हणून पोटात घाला.

चला, कुणीतरी ओट्यावर जाऊन शेठना आत बोलवा.

न्हाई, थांबा. एवढ्यात बोलवू नका. बाई अजून बोलत्यात.